न मागितलेली खोली

धर्माच्या गायीचे दात मोजू नयेत म्हणतात. मी मोजले. मनातल्या मनात मोजले, पण मोजले, आणि ते कुणाला सांगायची सोय नव्हती म्हणून आता लिहायला बसले आहे.

आमचं गाव हसनाबादहून आत वळल्यावर लागतं. तिथे दर रविवारी एक टोळी जमते, फुकट बांधकाम करणाऱ्यांची. कुणाचं घर पावसात बसलं, कुणा एकट्या म्हातारीच्या डोक्यावर धड छप्पर नाही, शाळेत मुलींसाठी संडास नाही, की ही माणसं खोरी-घमेली घेऊन हजर होतात. वाळू एकजण देतो, विटा दुसरा, सिमेंट कुठून तरी येतं. पूर्वी शेतात इर्जिक करायचे. एकाच्या रानात सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, दिवसभर नांगरायचं, त्याच्याकडे जेवायचं आणि घरी यायचं. उद्या आपल्या रानात तो येणार. तोच रिवाज गुरुजींनी बांधकामाला लावला. गुरुजी म्हणजे आमच्या शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. अर्ध्या गावाने लहानपणी त्यांच्या हातच्या छड्या खाल्ल्या आहेत, त्यामुळे त्यांना नाही म्हणायची कुणाची छाती होत नाही.

माझ्या नवऱ्याचीही नव्हती. तो सकाळी आसपासच्या वस्त्यांवरून दूध गोळा करून डेअरीत घालतो. टोळीत त्याच्याकडे पाण्याची नळी असते. लांब पारदर्शक नळीत पाणी भरायचं, एक टोक या कोपऱ्यात एकाने धरायचं, दुसरं त्या कोपऱ्यात दुसऱ्याने, आणि पाणी हलायचं थांबलं की तिथे भिंतीवर खूण करायची. मग दोन्ही कोपरे एका पातळीत येतात. या कामाला अक्कल थोडी आणि धीर फार लागतो. धीर त्याच्याकडे पोत्याने आहे.

टोळीत मजुरी नाही. जेवण घरधन्याचं, आणि तेही ठरलेलं, वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. पायाच्या चरीत मालाचं पहिलं घमेलं त्या घरच्या बाईने टाकायचं, तिचा हात लागल्याशिवाय काम सुरू होत नाही. घर उभं राहिलं की त्या घरातला माणूस टोळीत आला, कायमचा. नोकरीचा राजीनामा देता येतो, इर्जिकीचा कुठे आणि कुणाला द्यायचा? आणि या सगळ्याच्या वर गुरुजींचं एक वाक्य, घामाला नावं ठेवायची नाहीत. कुणी वीट तिरकी लावली, कुणी माल पातळ केला, तरी बोलायचं नाही. फुकट राबणाऱ्याला बोललं तर तो पुढच्या रविवारी येईल का, असं त्यांचं म्हणणं. आमच्या टोळीत खरा गवंडी एकच, चाचा. परतूरपासून भोकरदनपर्यंत त्यांनी भिंती बांधल्या आहेत. तेसुद्धा रविवारी या नियमापुढे तोंड मिटून पान चघळत बसायचे.

काम संपलं की मंडळी हातपाय धुऊन आमच्याच अंगणात यायची, कारण अंगण मोठं आणि चहा हमखास. मग पुढच्या घराची बोलणी, गुरुजींच्या विजारीला लागलेल्या सिमेंटवरून थट्टा, कुणाच्या सोयाबीनला काय झालं, कुणाच्या पोराचं कुठे जमलं. चाचा म्हणायचे, "मेरेकू घर में कोई पूछता नहीं, इदर गुरुजीकू बी मेरी गरज है." सगळे हसायचे. मीही चुलीपाशी हसायचे. ही माणसं वाईट असती तर माझं काम फार सोपं झालं असतं.

मी बदनापूरला एका लॅबमध्ये रक्त काढायचं काम करायचे. लग्नाआधी शिकलेली विद्या, लग्नानंतर हट्टाने टिकवलेली. ज्यांची शीर सापडत नाही असे म्हातारे, लहान मुलं, अंगाने भरलेल्या बाया, सगळे माझ्या खुर्चीकडे पाठवले जायचे. मी दंडावर पट्टा बांधायचे, दोन बोटांनी चाचपायचे आणि शीर सापडली की मला अजूनही मनातून आनंद व्हायचा. घरात माझ्या बोटांना भाकरी थापण्यापलीकडे काही येतं, हे कुणाला माहीत नव्हतं.

होळीच्या सुमाराला डॉक्टर मॅडमनी मला बाजूला बोलावलं. दिवाळीपासून लॅब नव्या जागेत जाणार होती आणि उजाडायच्या आत उघडणार होती. उपाशीपोटी रक्त द्यायला माणसं पहाटेच येतात, गाडी धरून जालन्याला कामावर जाणाऱ्यांना तीच वेळ सोयीची. आमच्या फाट्यावरून पहिली जीप सुटते ती ऊन पडल्यावर, आणि पुढे आणखी एक गाडी बदलावी लागते. नवऱ्याची मोटरसायकल त्या वेळी दुधाच्या कॅनखाली. मॅडम म्हणाल्या, "बदनापूरला राहायला ये, नाहीतर मला दुसरी मुलगी बघावी लागेल." त्यांचं काही चुकत नव्हतं.

स्टेशनच्या मागे दोन खोल्या मी बघूनही ठेवल्या. घरमालकीण एक वयस्क मुसलमान बाई. पावसाळा संपला की त्यांचे भाडेकरू जाणार होते. "आराम से देखो बेटी, मेरेकू जल्दी नहीं," असं म्हणून त्यांनी मला नळ सोडून दाखवला. घरातच नळ! मी तिथे उभ्या उभ्या गव्हाची कोठी कुठे ठेवायची, मुलीचं दप्तर कुठे अडकवायचं, हे ठरवून टाकलं. जालन्याच्या कारखान्यांत नवऱ्याला काम मिळणं काही अवघड नव्हतं. तोही हो म्हणाला. फक्त म्हणाला, "हा एक स्लॅब होऊ दे, मंग सांगतो सगळ्यांना."

तो स्लॅब बसथांब्याचा होता. तो झाला. मग एका म्हातारीच्या खोलीचा झाला. टोळीत एका स्लॅबचं पाणी वाळायच्या आत दुसऱ्याचा पाया खणलेला असतो.

शेवटी एका संध्याकाळी त्याने अंगणात विषय काढला. मी आत चहा गाळत होते आणि कान बाहेर होते. तो खाली बघत म्हणाला, "गुरुजी, आमी बदनापूरला जावं म्हणून राह्यलो. इथं जागा पुरून न्हाई राह्यली."

जागा! पत्र्याच्या दोन खोल्या, त्यात आम्ही तिघं आणि सासूबाई, हे खरंच होतं. पण ते कारण नव्हतं. बायकोच्या नोकरीमागे गाव सोडतो, हे चारचौघांत सांगायला त्याची जीभ रेटली नाही, म्हणून त्याने हाताला लागलं ते कारण पुढे केलं. मग गुरुजी म्हणाले, "एवढंच ना?"

मी त्याच वेळी हातातल्या सांडशीसकट बाहेर यायला हवं होतं. मी चहा कपांत ओतला.

पुढच्या रविवारी मेथी निवडत बसले होते तर अंगणात टिकावाचा आवाज आला. बाहेर येऊन बघते तर माझी कपडे वाळत घालायची तार सोडलेली, जमिनीवर फक्कीने चौकोन आखलेला आणि सगळी टोळी घामाघूम. नेहमीपेक्षा जास्त माणसं होती. ज्यांची घरं टोळीने बांधली होती ते सगळे आलेले. माझ्या नवऱ्याने इतकी वर्षं प्रत्येकाच्या कोपऱ्यात नळी धरली होती, आता त्याच्या घराची पाळी, ही गोष्ट त्यांनी आठवडाभर आमच्यापासून लपवून ठेवली होती. नवरा एका कडेला उभा. त्याच्या हाताला कुणी कामच देत नव्हतं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि लगेच पायाच्या चरीत बघितलं.

"सूनबाई, आता कुटं जायची गरज न्हाई," गुरुजी म्हणाले. त्यांचा चेहरा मुलीचं लग्न जमलेल्या बापासारखा उजळला होता. "ये, पहिलं घमेलं तुझं."

चाचांनी माल भरलेलं घमेलं माझ्या हातात दिलं. सगळे थांबले होते. कुणाची पेरणीपूर्वीची कामं पडली होती, कुणाच्या घरी पाहुणे होते, ते सोडून आलेली माणसं उन्हात माझ्या हाताकडे बघत उभी होती. माझ्या तोंडात शब्द होता. अगदी दातांपाशी होता. मी घमेलं चरीत रिकामं केलं आणि टाळ्या वाजल्या.

सासूबाईंनी माझा चेहरा ओळखला. परातभर बट्ट्यांचं पीठ मळताना त्या हळूच म्हणाल्या, "घर चालत दारात आलं अन् तू तोंड पाडून बसली. लोकं काय म्हणतील?" लोक काय म्हणत होते ते मला हापशावर रोज ऐकायला मिळत होतं. नशीब काढलंस बाई, म्हणत होते.

सगळा उन्हाळा ती खोली माझ्याभोवती वर चढत गेली. दाराच्या बाजूची भिंत गुरुजींनी स्वतः घेतली. दुसऱ्या कुणाला तिथे थापीसुद्धा लावू दिली नाही. त्यांची नजर आता अधू झाली आहे, पण ओळंबा धरायला ते तयार नव्हते. म्हणायचे, पन्नास पोरांची ओळ मी नुसत्या डोळ्यानं सरळ करत होतो. भिंत वर जाताना चौकटीवर रेलली. मला दिसत होतं, नवऱ्याला दिसत होतं, आणि चाचांना तर दिसतच होतं. एकदा पाणी द्यायला गेले तर ते माझ्या कानाशी म्हणाले, "दिवाल थोडी झुकी है बेटी. पन गुरुजी के हात की है." आणि पानाची पिंक टाकायला पलीकडे गेले.

स्लॅबच्या दिवशी मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. खालपासून वरपर्यंत माणसांची रांग, घमेलं या हातातून त्या हातात, कुणी थांबायचं नाही कारण स्लॅब अर्धा टाकून थांबता येत नाही. रांगेत मीही होते. माझ्या अलीकडे शेजारीण, पलीकडे माझी मुलगी रिकामी घमेली परत पाठवत होती. दुपारपर्यंत माझे दंड भरून आले आणि डोक्यात दुसरं काही राहिलं नाही. वरून कुणीतरी "झाला!" म्हणून ओरडलं तेव्हा मीही हसून ओरडले. संध्याकाळी अंग शेकत पडले तेव्हा लक्षात आलं, की आज मी माझ्याच डोक्यावर झाकण बसवायला हातभार लावला.

मग स्लॅबला पाणी मारायचं. वर मातीची आळी करून त्यांत पाणी साठवायचं, सकाळ-संध्याकाळ हंडे घेऊन शिडी चढायची. लॅबमधून दमून यायचे आणि नको असलेल्या छताला पाणी पाजायचे. नवऱ्याला विचारलं, "तुमी सांगणार कधी?" तो म्हणाला, "गिलावा होऊ दे." गिलावा झाला. आम्ही त्या खोलीत राहायला गेलो. बदनापूरच्या घरमालकिणीने विचारलं तेव्हा मी म्हणाले, बघते.

श्रावणात दार फुगलं. आधीच भिंतीच्या रेट्याने चौकट दबलेली होती, त्यात दमट हवा. लावताना खांदा लावायला लागायचा, उघडताना दोन्ही हातांनी ओढायचं. एका रविवारी लॅबने शिबिर ठेवलं होतं आणि मला लवकर पोचायचं होतं. नवरा टोळीबरोबर शाळेच्या कामावर, सासूबाई आणि मुलगी तिकडेच चहा घेऊन गेलेल्या. मी कपडे बदलायला दार लावलं आणि ते बसलं ते बसलंच.

ओढलं, लाथा घातल्या, कडीला ओढणी बांधून मागे झुकले. हललं नाही. खिडकीला गज, तेही टोळीनेच प्रेमाने जवळ जवळ बसवलेले. फाट्यावर जीपचा हॉर्न वाजला. दुसऱ्यांदा वाजला. ड्रायव्हर मला ओळखतो, तो थोडा वेळ थांबला असणार. मग जीप गेल्याचा आवाज आला आणि माझ्यात काहीतरी तुटलं. मी जे ओरडायला लागले ते शेजारणीने ऐकलं, आणि तिने शाळेकडे धाव घेतली.

सगळी टोळी आली. बाहेर पावलं, पहार आपटल्याचा आवाज, "बाजूला सर सूनबाई, लागंल," असा गुरुजींचा आवाज. आणि मला एकदम कळलं की मध्ये दार आहे. त्यांची तोंडं मला दिसत नाहीत, माझं त्यांना दिसत नाही. जे अंगणात घमेलं हातात असताना निघालं नाही ते आता निघालं.

"मला ही खोली नको व्हती," मी म्हणाले. "गुरुजी, मला नको व्हती ही खोली. कुणी विचारलं न्हाई मला."

पुढचं रडण्यात गेलं. बदनापूर, लॅब, दिवाळी, काहीच बाहेर पडलं नाही. मग पहार फटीत बसली, लाकूड करकरलं आणि दार चौकटीसकट हललं. मी बाहेर आले तेव्हा एकही माणूस माझ्याकडे बघत नव्हता. मला हलकं वाटलं. इतकं हलकं बऱ्याच महिन्यांत वाटलं नव्हतं. एकाने मला मोटरसायकलवरून बदनापूरला सोडलं. वाटभर मला वाटत होतं, सुटले.

आता तेच काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिले, आणि पाऊस ओसरल्यावरच्या एका रविवारी ते परत आले. खोरी, घमेली, विटा, आणि स्लॅबला टेकू द्यायला बल्ल्या. गुरुजी सगळ्यांच्या पुढे होते. माझ्यापाशी येऊन त्यांनी हात जोडले.

"चुकलं माझं, पोरी," ते म्हणाले. "भिंत वाकडी गेल्ती, मला ठावं व्हतं. डोळे ऱ्हायले न्हाईत, पर कबूल करवत नव्हतं. तू बोलली ते बराबर बोलली. आज चाचा बांधतील. मी नुसत्या विटा देतो."

ज्या माणसासमोर अख्खं गाव अजून उठून उभं राहतं, तो माणूस सगळ्यांच्या देखत माझ्यापुढे हात जोडून उभा होता. त्यांना दाराआडून त्यांचीच खंत ऐकू आली होती, माझी नाही. आता मी काय सांगणार होते? तुमची भिंत नाही गुरुजी, तुमची खोलीच नको? एवढं करून पुन्हा तेच? मी नवऱ्याकडे बघितलं. त्याचे डोळे भरलेले होते. तेव्हा मला समजलं की मी भिंतीबद्दल बोलत नव्हते हे त्याला दाराबाहेर उभं असतानाच कळलं होतं, आणि मधल्या सगळ्या रविवारी तो गप्प बसला होता.

त्यांनी भिंत पाडली. कोपऱ्यांना कॉलम होते म्हणून स्लॅबला धक्का लागला नाही. चाचांनी ओळंबा लावून नवी भिंत चढवली, गुरुजी एक एक वीट त्यांच्या हातात देत राहिले. मी वरण-बट्टी केली. दुपारनंतर नवऱ्याने नळीचं एक टोक माझ्या हातात दिलं, कारण त्या बाजूला धरायला कुणी नव्हतं. तो भिंतीच्या त्या अंगाला, मी या अंगाला.

"तुमाला कळलं व्हतं ना?" मी विचारलं.

त्याने नळीचं टोक भिंतीला टेकवलं. "व्हतं," तो म्हणाला. "कोणत्या तोंडानं सांगू त्यांना?"

मी त्याला बोलू शकले असते. पण तेच तोंड माझंही होतं. पाणी थांबलं आणि मी खूण केली.

दिवाळीपासून लॅबमध्ये स्टेशनजवळची एक मुलगी लागली. काम सोडण्याआधी मी तिला शीर कशी चाचपायची ते शिकवलं. हुशार आहे, पहिल्याच आठवड्यात तिला जमायला लागलं. त्या दोन खोल्याही गेल्या. माझं दार आता एका बोटाने उघडतं, आणि उघडलं की समोर तेच अंगण असतं.

टोळीच्या रिवाजाप्रमाणे आता रविवारी मीही जाते. आमचं घर झालं ना. मागे भोकरदनच्या रस्त्याला एका वस्तीवर गेलो होतो. लग्न होऊन फार दिवस न झालेली एक सून, तिच्या सासऱ्याच्या पडक्या खोलीशेजारी आम्ही चर खणला होता. पहिलं घमेलं भरून तयार झालं आणि गुरुजींनी ते तिला द्यायला माझ्याकडे दिलं. ती पदर सावरून उभी होती, तोंडावर हसू होतं, पण तसं हसू मी आरशात पाहिलेलं आहे. मी तिच्या जवळ गेले आणि कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात विचारलं, "तुला पायजे का गं ही खोली?"

तिने माझ्याकडे बघितलं. मग चरीकडे, आणि चरीभोवती उन्हात उभ्या असलेल्या माणसांकडे.

"आता इचारून राह्यल्या व्हय, मावशी?" ती म्हणाली. "पाया खांदून झाला की."

सगळे थांबले होते. मी घमेलं तिच्या हातात दिलं.